सहा वर्षांची हकालपट्टी, उद्या सकाळपर्यंत

३० डिसेंबर २०१६. लखनौमध्ये मुलायमसिंह यादवांनी पत्रकारांना बोलावलं आणि पोटच्या पोराला समाजवादी पक्षातून सहा वर्षांसाठी काढून टाकलं. पोरगा साधासुधा नव्हता, उत्तर प्रदेशचा मुख्यमंत्री होता. ३१ तारखेला हकालपट्टी रद्द झाली. १ जानेवारीला अखिलेश राष्ट्रीय अध्यक्ष आणि वडील 'मार्गदर्शक'. १६ जानेवारीला निवडणूक आयोगाने सायकल हे चिन्हही पोराच्याच हवाली केलं. सहा वर्षं एका रात्रीत उरकल्याचा हा बहुधा राष्ट्रीय विक्रम असावा.

याच नाटकात रामगोपाल यादवांची भूमिका कुणाच्या फारशी लक्षात नाही. ऑक्टोबरमध्ये त्यांना काढलं, नोव्हेंबरमध्ये परत घेतलं. ३० डिसेंबरला पुन्हा काढलं, ३१ला पुन्हा घेतलं, १ जानेवारीला मुलायमसिंहांनी तिसऱ्यांदा काढलं. तोवर 'काढणारा कोण' हाच वादाचा मुद्दा झाला होता.

पक्षशिस्तीची खरी मेख इथेच आहे. 'पक्षविरोधी कारवाया' हा गुन्हा नेमका काय, ते त्या दिवशी बहुमत कुणाच्या खिशात आहे त्यावर ठरतं. कारणे दाखवा नोटीस, शिस्तपालन समिती, प्राथमिक सदस्यत्व वगैरे सगळं नंतर येतं. पटत नसेल तर पुढचे किस्से बघा.

सहा वर्षं वजा साडेपाच

मे १९९९. सोनिया गांधींच्या विदेशी जन्माचा मुद्दा काढून शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर यांनी पत्र लिहिलं. २० मे रोजी तिघांची सहा वर्षांसाठी हकालपट्टी झाली. १० जूनला राष्ट्रवादी काँग्रेस जन्माला आली. आणि १८ ऑक्टोबरला विलासराव देशमुखांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली तेव्हा त्यांच्या शेजारी राष्ट्रवादीचे छगन भुजबळ उपमुख्यमंत्री होते. म्हणजे पाच महिन्यांत हकालपट्टीपासून मंत्रालयातल्या खातेवाटपापर्यंतचा सगळा प्रवास झाला. दोन्हीकडचे कार्यकर्ते मात्र विधानसभेला एकमेकांविरुद्ध घसा कोरडा करून नुकतेच घरी परतले होते. त्यांना कुणी विचारलं नाही, तसा रिवाजही नाही.

त्या तिघांपैकी तारिक अन्वर २०१८ साली काँग्रेसमध्ये परतले. संगमांची गंमत वेगळी. २०१२च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत ते उभे होते आणि समोर होते प्रणव मुखर्जी. प्रणवबाबूंना काँग्रेसने १९८६ साली काढलं होतं. त्यांनी स्वतःचा राष्ट्रीय समाजवादी काँग्रेस हा पक्षही काढून पाहिला आणि राजीव गांधींच्याच काळात ते घरी परतले. म्हणजे देशाच्या सर्वोच्च पदाच्या लढतीतले दोन्ही उमेदवार काँग्रेसचे हकालपट्टीप्राप्त!

पंतप्रधानपदाकडे जाण्याचा रस्ताही काहींना याच दारातून सापडला. विश्वनाथ प्रताप सिंहांना जुलै १९८७मध्ये काँग्रेसने काढलं आणि डिसेंबर १९८९मध्ये ते पंतप्रधान झाले.

दोनदा काढलेल्या बाई

पण या बाबतीत इंदिरा गांधींचा हात कुणी धरू शकत नाही. काँग्रेस म्हणजे इंदिरा असं ज्यांच्याबद्दल म्हटलं जायचं, त्यांना काँग्रेसने एकदा नाही, दोनदा काढलं.

पहिली खेप १९६९ची. राष्ट्रपतिपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवायला बंगळुरात संसदीय मंडळ बसलं. इंदिराबाईंना जगजीवनराम हवे होते, पक्षातल्या जुन्या नेत्यांच्या 'सिंडिकेट'ला नीलम संजीव रेड्डी. यशवंतराव चव्हाणांनी मत रेड्डींच्या पारड्यात टाकलं आणि बाई हरल्या. मग त्यांनी अर्थखातं मोरारजींकडून काढून घेतलं, १९ जुलैला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं आणि मतदानाच्या वेळी 'सदसद्विवेकबुद्धीला स्मरून' मत द्या असं सांगून पक्षाचाच अधिकृत उमेदवार पाडला. व्ही. व्ही. गिरी राष्ट्रपती झाले. १२ नोव्हेंबरला अध्यक्ष निजलिंगप्पांनी शिस्तभंगाबद्दल पंतप्रधानांना पक्षातून काढलं. शिस्तभंग झाला होता यात शंका नाही. उमेदवारी अर्जावर स्वतः सही करून पुढे उमेदवार पाडणं हा कोणत्याही पक्षघटनेत गुन्हाच ठरावा. पण बहुसंख्य खासदार बाईंकडे होते, त्यामुळे काढणारेच 'संघटना काँग्रेस' नावाच्या कंसात जाऊन बसले. बैलजोडी हे पक्षाचं चिन्ह वादात अडकलं. १९७१ साली इंदिराबाई गाय-वासरू घेऊन लढल्या, समोरच्यांकडे चरखा चालवणारी बाई होती. कोण जिंकलं ते सांगायला नको.

दुसरी खेप जानेवारी १९७८ची. आणीबाणीनंतर पराभव झालेला, बाई एकट्या पडलेल्या. अध्यक्ष ब्रह्मानंद रेड्डींनी त्यांना काढलं. यशवंतराव या खेपेला रेड्डींच्या बाजूला होते. बाईंनी नवी काँग्रेस काढली, हाताचा पंजा घेतला आणि १९८०मध्ये दिल्लीत परतल्या. आज ज्या चिन्हाला आपण 'काँग्रेसचं चिन्ह' म्हणतो, ते अशा प्रकारे हकालपट्टीची देणगी आहे.

सुरत, जोडा आणि हॉटेल

पक्षफुटीच्या भूगोलात सुरतेचा मान मोठा आहे. १९०७चं काँग्रेस अधिवेशन खरं तर नागपुरात व्हायचं होतं. तिथे टिळकांचा जोर फार म्हणून मवाळांनी ते सुरतेला हलवलं. २७ डिसेंबरला रासबिहारी घोष अध्यक्षपदावरून बोलायला उभे, टिळक ठराव मांडायला व्यासपीठावर उभे, दोघेही मागे हटेनात. एवढ्यात गर्दीतून एक जोडा भिरभिरत आला. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागला आणि फिरोजशहा मेहतांवर आदळला. तिथे हजर असलेल्या हेन्री नेव्हिन्सन या इंग्रज पत्रकाराने त्या जोड्याचं वर्णन अगदी कौतुकाने करून ठेवलंय: मराठी घाटाचा, तांबूस चामड्याचा, टोकदार, तळाला शिसं ठोकलेला. कुणाचा होता ते कुणालाच सांगता आलं नाही. पुढे खुर्च्या, काठ्या, पोलीस आणि मंडप रिकामा. जहाल बाहेर पडले ते १९१६च्या लखनौ अधिवेशनातच सन्मानाने परतले.

त्यानंतर एकशे पंधरा वर्षांनी, जून २०२२मध्ये, विधान परिषदेच्या मतमोजणीच्या रात्री शिवसेनेचे एकनाथ शिंदे आणि त्यांच्याबरोबरचे आमदार गाड्यांत बसले आणि पोचले कुठे, तर सुरतेला. या वेळी जोडा नव्हता, पंचतारांकित हॉटेल होतं. मग गुवाहाटी, मग गोवा. इतिहासाने या बंडातून उचललं काय, तर सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांनी फोनवर केलेलं गुवाहाटीच्या झाडीचं, डोंगराचं आणि 'हाटील'चं वर्णन! टिळकांच्या वेळी असा फोन असता, तर सुरतेच्या मंडपातून काय ऐकू आलं असतं कोण जाणे.

नाशिकचं पाणी

सुरतेएवढा गाजावाजा नाही, पण नाशिकचा हिशेबही तगडा आहे. काँग्रेसमध्ये राहून समाजवादी गट काढायची कल्पना शिजली नाशिकच्या तुरुंगात. जयप्रकाश, मिनू मसानी, अच्युतराव पटवर्धन अशी मंडळी तिथे होती. १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन झाला. स्वातंत्र्यानंतर 'पक्षात पक्ष नको' असा नियम काँग्रेसने केला आणि मार्च १९४८मध्ये समाजवाद्यांनी काडीमोड घेतला, तोही नाशिकच्याच परिषदेत.

त्या काडीमोडात एक गोष्ट अशी घडली की आज ऐकून कुणी विश्वास ठेवणार नाही. पक्ष सोडला म्हणून आचार्य नरेंद्र देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या संयुक्त प्रांताच्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशच्या, विधानसभेतल्या आमदारकीचेही राजीनामे दिले. ज्या पक्षाच्या तिकिटावर निवडून आलो तो सोडला, तर जागाही सोडली पाहिजे, असा सरळ हिशेब. कायद्याची सक्ती नव्हती. पोटनिवडणूक झाली आणि आचार्य हरले. त्यांना हरवणारे काँग्रेसचे बाबा राघवदास हे जन्माने पुणेकर! गोरखपूरच्या प्रसिद्ध वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचंच नाव आहे.

दोनच वर्षांनी, सप्टेंबर १९५०मध्ये, काँग्रेसचं अधिवेशन पुन्हा नाशिकला भरलं. अध्यक्षपदाची निवडणूक नुकतीच झाली होती: पुरुषोत्तमदास टंडन १३०६, आचार्य कृपलानी १०९२, शंकरराव देव २०२. टंडन नेहरूंना नको होते. पंतप्रधानांनी वर्षभर कळ काढली, मग ऑगस्ट १९५१मध्ये वर्किंग कमिटीचाच राजीनामा दिला. सप्टेंबरमध्ये टंडन गेले आणि नेहरू पंतप्रधान होतेच, पक्षाध्यक्षही झाले. नोटीस नाही, चौकशी नाही, आवाज नाही.

चार आणे न भरणारे हायकमांड

गांधीजींनी ऑक्टोबर १९३४मध्ये काँग्रेसचं सदस्यत्व सोडलं. त्यानंतर ते पक्षाचे चार आण्यांचे सदस्यसुद्धा नव्हते. तरी जानेवारी १९३९मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सुभाषबाबूंनी पट्टाभि सीतारामय्यांना १५८० विरुद्ध १३७७ मतांनी हरवलं तेव्हा हा पराभव आपला आहे, असं गांधीजींनी जाहीर केलं आणि सगळ्यांना इशारा समजला.

त्रिपुरीचं अधिवेशन मार्चमध्ये जबलपूरजवळ भरलं. बावन्नावं अधिवेशन म्हणून बावन्न हत्तींची मिरवणूक. रथात अध्यक्षांची तसबीर होती, कारण अध्यक्ष स्वतः तापाने फणफणत स्ट्रेचरवर. त्यातही कुजबुज अशी की, बगलेत कांदे धरून ताप आणलाय का ते तपासा! विरोधकांच्या आजारपणावर संशय घेण्याची परंपरा बरीच जुनी दिसते. तिथे गोविंदवल्लभ पंतांचा ठराव आला: अध्यक्षांनी आपली वर्किंग कमिटी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. निवडून आलेल्या अध्यक्षाला सदस्य नसलेल्या माणसाची संमती लागणार, असा त्याचा अर्थ. गांधीजी तेव्हा त्रिपुरीत नव्हतेच, राजकोटात होते. २९ एप्रिलला सुभाषबाबूंनी राजीनामा दिला, काही दिवसांत फॉरवर्ड ब्लॉक काढला आणि ऑगस्टमध्ये शिस्तभंगाची कारवाई झाली: तीन वर्षं कोणत्याही निवडून यायच्या पदावर बंदी. तेव्हा दर तीन वर्षांचा होता. सहाचा भाव नंतर फुटला.

याच काळात मुंबईत वीर नरीमन प्रकरण रंगलं. खुर्शीद नरीमन हे शहरातले सर्वांत लोकप्रिय काँग्रेस नेते. १९३७ साली मुंबई प्रांताचे पंतप्रधान तेच होणार असं सगळे धरून चालले होते. निवडले गेले बाळासाहेब खेर. नरीमनांनी वल्लभभाईंवर आरोप केला. गांधीजी आणि डी. एन. बहादुरजी यांच्या चौकशीत निकाल नरीमनांच्याच विरोधात गेला आणि पक्षाने त्यांना जबाबदारीच्या पदांना अपात्र ठरवलं. आता पुढची गंमत. बॅकबेमधल्या समुद्रात भर घालण्याच्या सरकारी योजनेतला घोटाळा ज्यांनी चव्हाट्यावर आणला, त्याच नरीमनांचं नाव पुढे त्याच भर घातलेल्या जमिनीला मिळालं. नरीमन पॉइंटवर मंत्रालयाच्या आसपास राजकारण्यांची एवढी वर्दळ असते, पण आपण पक्षाने अपात्र ठरवलेल्या माणसाच्या नावाच्या पत्त्यावर आलोय, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल?

नागपूरकरांनी डॉ. ना. भा. खरे यांना विसरू नये. जुलै १९३८मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडच्या या पंतप्रधानांनी राजीनामा दिला आणि रातोरात, रविशंकर शुक्ल वगैरे महाकोशलच्या मंत्र्यांना वगळून, नवं मंत्रिमंडळ घेऊन गव्हर्नरांकडून शपथ घेतली. श्रेष्ठींनी ते चालू दिलं नाही. काही दिवसांत खरे गेले, शुक्ल आले. पहाटेच्या शपथविधीची महाराष्ट्राला २०१९मध्ये पहिल्यांदा ओळख झाली असं कुणी म्हणालं, तर त्याला नागपूरला पाठवा.

राजीनाम्याची ताकद

शिस्तभंग झाल्यावर खालच्याला काढतात. वरचा मात्र स्वतःच निघून जातो, म्हणजे निघून जाण्याची घोषणा करतो. जुलै १९९२मध्ये जुने शिवसैनिक माधव देशपांडे यांनी उद्धव आणि राज यांच्या लुडबुडीबद्दल तक्रार केली. बाळासाहेब ठाकरेंनी 'सामना'त शिवसेना सोडत असल्याचं लिहून टाकलं. शिवसैनिक रस्त्यावर आले, राजीनामा मागे आला, तक्रारीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. इतका प्रभावी शिस्तपालनाचा उपाय कुठल्याच पक्षघटनेत लिहिलेला नाही.

लालकृष्ण अडवाणींनी जिनांच्या कौतुकावरून उठलेल्या वादात ७ जून २००५ला अध्यक्षपद सोडलं आणि १० जूनला परत घेतलं. गोव्यातल्या बैठकीत नरेंद्र मोदी प्रचारप्रमुख झाले तेव्हा १० जून २०१३ला सगळी पदं सोडली, ११ला माघार. शरद पवारांनी २ मे २०२३ला स्वतःच्या पुस्तकाच्या प्रकाशनात निवृत्ती जाहीर केली. कार्यकर्ते रडले, ५ मे रोजी निवृत्ती मागे. दोन महिने होण्याच्या आत, २ जुलैला, अजित पवार शपथ घेऊन मोकळे. राजीनामा बाळासाहेबांच्या हातात जितका चालला तितका नंतर कुणाच्याच हातात चालला नाही, असं माझं मत.

 

लाल शिस्त

शिस्तीत कम्युनिस्टांचा हात धरणारा कोणी नाही, असा समज आहे. मे २००७मध्ये माकपने केरळचे मुख्यमंत्री व्ही. एस. अच्युतानंदन आणि राज्य सचिव पिनराई विजयन या दोघांनाही, एकमेकांवर जाहीर टीका केल्याबद्दल, एकाच दिवशी पॉलिट ब्यूरोतून निलंबित केलं. एक मुख्यमंत्री राहिला, दुसरा सचिव राहिला. दोघे भांडले, दोघांनाही बाकावर उभं केलं, वर्ग चालू!

लोकसभा अध्यक्ष सोमनाथ चॅटर्जींचं प्रकरण वेगळं. अणुकराराच्या विश्वासठरावाआधी खुर्ची सोडा, असं पक्षाने सांगितलं. त्यांनी नाही सोडली. २२ जुलै २००८ला ठराव झाला, २३ला ते पक्षाबाहेर. लोकसभेची मुदत संपेपर्यंत ते त्याच खुर्चीत बसून सगळ्यांना शिस्त लावत होते.

लाल नसलेल्यांचीही शिस्त बघा. भाजपने जसवंतसिंहांना ऑगस्ट २००९मध्ये जिनांवरच्या पुस्तकाबद्दल काढलं. सिमल्यात चिंतन बैठक चालू होती आणि ते स्वतः सिमल्यातच होते. तरी बातमी कळली फोनवरून. २०१०मध्ये घरवापसी झाली आणि २०१४मध्ये बाडमेरमधून अपक्ष लढले म्हणून पुन्हा हकालपट्टी.

आणि अण्णाद्रमुक. ११ जुलै २०२२ला चेन्नईत सर्वसाधारण परिषदेने ओ. पनीरसेल्वम यांना काढलं. त्यावर त्यांनी लगेच जाहीर केलं की, मीच प्रतिस्पर्धी गटाच्या पळणीस्वामींना काढतोय.

काढलं तरी आपलाच

कायद्याची यातली गंमत फारशी सांगितली जात नाही. १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यात 'फूट' म्हणायला एक तृतीयांश आमदार पुरायचे. १९९०मध्ये शिवसेनेचे ५२ आमदार होते, म्हणजे किमान अठरा हवेत. डिसेंबर १९९१मध्ये नागपूर अधिवेशनात भुजबळ बाहेर पडले तेव्हा सगळा खेळ त्या अठराच्या आकड्याभोवती फिरला. २००३मध्ये ती पळवाट बुजवली. आता विलीनीकरणाला दोन तृतीयांश लागतात. म्हणजे एकट्या-दुकट्याचं पक्षांतर अवघड झालं आणि घाऊक सोपं राहिलं.

आणि हाकललेल्या आमदाराचं काय? १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या प्रकरणात सांगितलं की, पक्षाने काढलं तरी सभागृहात तो त्याच पक्षाचा मानायचा. दुसऱ्या पक्षात गेला तर आमदारकी गेली. मग काढलेल्यावर व्हिप चालतो का? २०१०मध्ये समाजवादी पक्षाने काढलेल्या अमरसिंह आणि जयाप्रदा यांनी तोच प्रश्न न्यायालयात नेला. २०१६मध्ये उत्तर न देताच तो परत आला, कारण तोवर दोघांची मुदतच संपली होती. त्यामुळे शहाणे पक्ष कार्यकर्त्याला हाकलतात आणि आमदाराला नुसतं निलंबित करतात. चपला बाहेर, माणूस मात्र दावणीला.

देवाला विचारून

शेवटी गोवा, कारण इतकं मोकळेपणाने कुणीच बोलत नाही. २०१७मध्ये काँग्रेसचे १७ आमदार निवडून आले. मुदत संपेपर्यंत दोन उरले. म्हणून जानेवारी २०२२मध्ये पक्षाने उमेदवारांना पणजीचं महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा क्रूस आणि बेतीचा दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ घ्यायला लावली. अकरा निवडून आले. अकराचे दोन तृतीयांश म्हणजे आठ. १४ सप्टेंबर २०२२ला आठ जण भाजपमध्ये गेले, एक कमी नाही, एक जास्त नाही. शपथेबद्दल विचारल्यावर माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत यांनी सांगितलं की, आपण देवळात जाऊन देवाला विचारलं आणि देवाने, तुला योग्य वाटेल ते कर, असं सांगितलं. ऑगस्ट २०२५मध्ये ते मंत्री झाले.